बागेत शिंजीर, बुलबुल, दयाळ येत नाहीत? दोष शोधायचा क्रम

जास्वंद फुललेली, वाटीत पाणी भरलेलं, दुकानातून आणलेलं रंगीत लाकडी घरटंही खिडकीला टांगलेलं. आणि रोज येतात कोण, तर पारवे, कावळे आणि फार तर दोन साळुंक्या. ही तक्रार पुण्यातून येवो, ठाण्यातून की नाशिकमधून, कारणं बहुतेक वेळा तीच सात-आठ निघतात. त्यांतली निम्मी एक रुपयाही न खर्चता दूर होतात, म्हणून खालचा क्रम स्वस्तातून महागाकडे लावला आहे. रोपवाटिकेत जाऊन दोन हजारांची झाडं आणणं ही शेवटची पायरी आहे. लोक नेमके तिथूनच सुरू करतात.

आधी अपेक्षा ठरवून घ्या. महाराष्ट्रातल्या शहरी घरबागेत वर्षभरात सहज येऊ शकतील असे पक्षी म्हणजे जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पुठ्ठ्याचा शिंजीर (यांनाच सूर्यपक्षीही म्हणतात), लालबुड्या बुलबुल, शिपाई बुलबुल, दयाळ, शिंपी, चष्मेवाला, फुलटोच्या, वटवट्या, नाचण, आणि जवळपास मोठी झाडं असतील तर तांबट, सुभग, हळद्या. स्वर्गीय नर्तक आला तर नशीब समजा. त्याच्यासाठी बाग आखू नका.

लक्षणं

आपली तक्रार यांतली नेमकी कोणती, ते ठरवा. पुढच्या तपासण्या सरसकट सगळ्या कराव्या लागत नाहीत.

• फक्त पारवे, कावळे, साळुंक्या येतात; लहान पक्षी नाहीतच. (तपासणी २)
• शिंपी, बुलबुल शेजारच्या आवारात ओरडतात, कुंपणावर बसतात, पण बागेत उतरत नाहीत. (४ आणि ७)
• पाणी ठेवलंय, पण त्याला कोणी तोंड लावत नाही. (३)
• शिंजीर येतो, एका फुलात चोच घालतो आणि निघून जातो. (८)
• पूर्वी यायचे, अचानक बंद झाले. (१, ४, ६)
• घरटं अर्धवट बांधून सोडून देतात. (२, ४, ७)
• पक्षी काचेवर आपटतात किंवा आरशावर तासन्‌तास चोची मारतात. (५)

एक शिस्त मात्र पाळा: एका वेळी एकच बदल करा आणि त्यानंतर किमान पंधरा दिवस थांबा. पाणी, झाडं, खाणं असं सगळं एकाच रविवारी बदललं, तर कशाने फरक पडला ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच सुरुवात होते.

तपासणी १: पक्षी खरंच येत नाहीत, की तुम्ही नसताना येऊन जातात?

खर्च शून्य. सकाळी उजाडल्यापासून पहिले दोन तास आणि संध्याकाळी चार ते सहा या वेळात सलग तीन दिवस पंधरा-पंधरा मिनिटं शांत बसा. दुपारी बाराला बाग पाहून ‘काहीच येत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ओळख पटत नसेल तर मर्लिन हे मोफत अ‍ॅप आवाजावरून पक्षी सांगतं. ते कधीकधी चुकतं, पण शिंपी आणि बुलबुल यांसारख्या नेहमीच्या पक्ष्यांसाठी पुरेसं आहे.

मग हेच आवारात, रस्त्यावर, जवळच्या मोठ्या झाडाखाली करा. शेदोनशे मीटरवर शिंजीर दिसतो आणि तुमच्याकडे नाही, तर दोष बागेत आहे आणि तो दूर करता येतो. आसपास कुठेच नसेल, किंवा तुमची गॅलरी भोवतालच्या झाडांच्या शेंड्यांपेक्षा दहा मजले वर असेल, तर अपेक्षा कमी करा. तिथे कुंड्या वाढवून फारसं काही होत नाही.

ऋतूही तपासा. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात चमकदार निळा-जांभळा असतो. हंगाम संपला की तो पिसं बदलतो आणि मादीसारखा मळकट पिवळा होतो; हनुवटीपासून पोटापर्यंत फक्त एक काळा पट्टा उरतो. ‘रंगीत पक्षी गेला, भलताच यायला लागला’ अशी तक्रार असेल, तर पक्षी तोच आहे. जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराचा नर मात्र असा रंग बदलत नाही, त्यामुळे गोंधळ वाढतो. दयाळाचंही तसंच. उन्हाळ्यात पहाटे तारेवर बसून गाणारा दयाळ थंडीत जवळजवळ गप्प असतो आणि झुडपांखालून फिरतो. तो बागेत असतो, फक्त दिसत नाही. थिरथिऱ्यासारखे हिवाळी पाहुणे ऑक्टोबरनंतर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मे महिन्यात त्यांची वाट पाहू नका.

तपासणी २: धान्य आणि उरलंसुरलं अन्न बंद करा

सगळ्यात जास्त बागा इथेच अडकलेल्या असतात, म्हणून यावर थोडं सविस्तर.

कठड्यावर मूठभर ज्वारी-बाजरी किंवा तांदूळ टाकले की ते ‘चिमण्यांसाठी’ असतात. खातो पारवा. पारव्याचं वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, चिमणीचं पंचवीस-तीस, शिंजिराचं जेमतेम दहा. पारव्यांचा थवा रोज ठरलेल्या वेळी यायला लागला की कठडा, पाण्याचं भांडं, बसायच्या जागा सगळं तेच व्यापतात. लहान पक्षी भांडत बसत नाहीत, दुसरीकडे जातात. शिवाय शिंजीर, दयाळ, शिंपी, नाचण यांतलं कोणीही धान्य खात नाही. म्हणजे ज्यांना बोलवायचंय त्यांच्यासाठी ताट वाढलेलंच नाही.

दुसरी बाजू शिजवलेल्या अन्नाची. पोळीचे तुकडे, भात, शेव-फरसाण यांनी कावळे आणि साळुंक्या स्थिरावतात. कावळा एकदा बागेवर नजर ठेवून बसला की बुलबुल आणि शिंप्याची अंडी-पिल्लं त्याच्या तोंडी पडतात. घरटं अर्धवट सोडून जाण्यामागे अनेकदा हेच असतं. काकबळी किंवा पितृपक्षातलं पान ठेवायचं तर जरूर ठेवा, पण बागेपासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर-घुशी येतात, आणि तळमजल्याच्या बागेत त्यांच्यामागे धामणही येते.

काय करायचं: सगळं धान्य आणि शिजवलेलं अन्न पूर्ण महिनाभर बंद. ‘कमी करतो’ चालत नाही. आठवड्यातून एकदा जरी दाणे मिळाले तरी पारवे रोज येऊन पाहतात. पहिला आठवडा ते कठड्यावर बसून वाट पाहतील, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत संख्या उतरते. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नका. तिची धूळ श्वासातून गेली की फुप्फुसांना सूज येण्याचा धोका असतो. आधी पाण्याने पूर्ण भिजवा, मास्क लावा, मग खरवडून काढा. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी हाच आरोग्याचा प्रश्न होता.

खरोखर चिमण्या येत असतील आणि त्यांना दाणे द्यायचेच असतील, तर दाण्याच्या भांड्याभोवती दीड इंची चौकोनी जाळीचा पिंजरा करा. चिमणी आत जाते, पारवा जात नाही. याहून चांगला उपाय म्हणजे एका पसरट कुंडीत मूठभर बाजरी किंवा राळा पेरून कणसं झाडावरच वाळू देणं. ती ताटं मुनियांना तोलतात, पारव्याला नाही.

फळं ठेवायला हरकत नाही. पपई, केळं, पेरू अर्धे कापून फांदीला अडकवा. बुलबुल हमखास येतात. तासाभरात खार संपवेल, ते गृहीत धरा. उरलेलं संध्याकाळी काढून टाकायचं, नाहीतर रात्री वटवाघळं आणि उंदीर. ब्रेड, दूध, खारवलेले पदार्थ कधीच नाही.

शिंजिरासाठी साखरपाण्याच्या बाटल्या हल्ली ऑनलाइन मिळतात. त्या घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत. आपल्याकडच्या उन्हात ते पाणी दिवसभरात आंबतं, मुंग्या आणि मधमाश्या लागतात, आणि बाटली रोज ब्रशने घासून धुणारा माणूस आठवड्यानंतर सापडत नाही. मधाचं पाणी तर अजिबात नको, त्यात बुरशी झपाट्याने वाढते.

तपासणी ३: पाणी आहे, पण ते लहान पक्ष्याला वापरता येतं का?

खर्च शंभर-दीडशे रुपये. स्वयंपाकघरातली स्टीलची खोल वाटी हा नेहमीचा दोष. तिच्या कडा गुळगुळीत, खोली आठ-दहा सेंटिमीटर, आणि एप्रिलच्या उन्हात ती तापते. दहा ग्रॅमचा पक्षी त्यात उतरू शकत नाही. उतरलाच तर बुडतो.

हवा तो मातीचा परळ, म्हणजे कुंडीखाली ठेवतात ती पसरट, खरखरीत बशी. व्यास तीस सेंटिमीटर किंवा जास्त. काठाला एक सेंटिमीटर आणि मध्यभागी चार-पाच सेंटिमीटर पाणी. परळ सगळीकडे सारखा खोल असेल तर एका बाजूला चपटा दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याच्या किंचित वर राहील असा. त्यावर उभं राहून पक्षी खोलीचा अंदाज घेतात. आतून झिलई केलेलं सिरॅमिकचं भांडं दिसायला छान असतं, पण पाय घसरतात.

जागा सावलीत, जमिनीपासून मीटरभर उंच, आणि जवळच्या झुडपापासून दोन-तीन मीटरवर. झुडूप याहून जवळ असेल तर मांजर त्यात दबा धरून बसतं. फार लांब असेल तर ओल्या पंखांनी पक्षी तिथवर पोचू शकत नाही. गॅलरीत हे अंतर मिळत नाही. तिथे परळ टांगा.

पाणी रोज बदला आणि दर तीन-चार दिवसांनी परळ काथ्याने घासा. नुसतं ओतून भरणं पुरत नाही, कारण एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तीन-चार दिवसांची घासणी ही साखळी तोडते. साबण नको.

इतकं करूनही पक्षी येत नसतील तर पाणी हलतं करा. एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा, बाटली उलटी करून परळाच्या मीटरभर वर टांगा, आणि तळाला आणखी एक बारीक भोक पाडा, नाहीतर हवा अडून धार थांबते. दोन सेकंदांना एक थेंब पडेल असं झाकण पिळून जमवा. या वेगाने एक लिटर पाणी दहा-अकरा तास पुरतं, म्हणजे सकाळी भरलं की संध्याकाळपर्यंत काम. थेंबाचा आवाज आणि पाण्यावरची हालचाल उडत्या पक्ष्याच्या लक्षात येते. स्थिर पाणी वरून पटकन दिसत नाही.

शिंजीर आणि चष्मेवाला परळात फारसे उतरत नाहीत. ते ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करतात. सकाळी झाडांना पाणी घालताना एखाद्या रुंद पानांच्या झुडपावर फवारा मारून ठेवा आणि दहा मिनिटं लांब उभे राहा. कोकणातल्या वाडीत, जिथे झाडांची कमी नाही, तिथे एप्रिल-मेमध्ये बहुतेक वेळा एवढंच करावं लागतं.

तपासणी ४: मांजर, वर्दळ, आवाज

खालच्या झुडपांमध्ये मांजराची बसायची जागा सापडते का पाहा: दबलेलं गवत, केस, वास. असेल तर आसपासची पक्ष्यांची ये-जा तुटणारच. मांजराच्या गळ्यातल्या घंटेवर फार भिस्त ठेवू नका. छाटलेल्या लिंबाच्या किंवा बोगनवेलीच्या काटेरी फांद्या झुडपाखाली अंथरा. सोसायटीत मांजरांना खाणं घालणारं कोणी असेल तर भांडू नका. खाण्याची जागा बागेपासून लांबच्या कोपऱ्यात न्यायला सांगा, आणि नसबंदीसाठी महापालिकेकडे किंवा प्राणिसंस्थेकडे पाठपुरावा करा.

रात्रभर जळणाऱ्या दिव्यांच्या माळा झाडावरून काढा. आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवू नका. विणीच्या काळात नराला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसलाय. तो गाणं सोडून भांडायला येतो, दमतो आणि शेवटी जागा सोडतो.

तपासणी ५: काच आणि आरसे

मोठ्या खिडकीत आकाश आणि झाडं प्रतिबिंबित होत असतील तर पक्षी त्यात सरळ उडतात. ससाण्याचं एकच स्टिकर लावून काही होत नाही. पक्षी ते टाळून शेजारच्या काचेवर आपटतो. काचेच्या बाहेरच्या बाजूला ठिपके किंवा पट्ट्या लावा, एकमेकांपासून पाच सेंटिमीटरच्या आत. भिजवलेल्या खडूने किंवा पांढऱ्या पोस्टर रंगाने बोटभर ठिपके दिले तरी उन्हाळा निघतो. पाण्याचं भांडं एकतर काचेच्या एक मीटरच्या आत ठेवा (तेवढ्या अंतरात वेगच येत नाही) किंवा दहा मीटर लांब.

गाडीच्या आरशावर चोची मारणारा दयाळ किंवा शिंजीर वेडा झालेला नसतो. प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजतो. आरशावर जुना मोजा चढवा; हंगाम संपला की थांबतं.

तपासणी ६: फवारणी थांबवा, जाळी-कचरा राहू द्या

हा भाग लोकांना सगळ्यात जड जातो, कारण यात बाग थोडी ‘अस्वच्छ’ ठेवावी लागते.

मधुरस पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना अळ्या, किडे आणि कोळी भरवतो. चिमण्यांसारखे दाणे खाणारेही पिल्लांसाठी किडेच शोधतात. ज्या बागेत अळी दिसताच फवारा मारला जातो, तिथे पक्षी येऊन जाईल, पण वीण करणार नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं तर झाडात शोषली जातात आणि फुलाच्या रसापर्यंत पोचतात. माळी महिन्यातून एकदा ‘औषध मारून’ जात असेल, तर त्याच्या पंपात काय असतं ते विचारा. पक्षी अचानक बंद झाले या तक्रारीत पहिला प्रश्न हाच.

मावा आणि पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार धारेने बरेच जातात. फारच झाले तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब सौम्य साबण, तेही फक्त लागण झालेल्या फांदीवर, संध्याकाळी, उघडी फुलं वगळून. लिंबू किंवा कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल तर तिला राहू द्या. ती लिंबाळीची किंवा आपल्या राज्य फुलपाखराची, नीलवंताची असू शकते. चार पानं जातील. शिंप्याला त्या अळ्यांचा पत्ता लागला तर तीही जाणार नाहीत.

कोळ्याची जाळी झाडांवरून काढू नका. शिंजीर आपलं लोंबतं घरटं याच धाग्यांनी बांधतो, आणि शिंपी पानं शिवायलाही ती वापरतो. घरातली जळमटं काढा, बागेतली सोडा. झुडपांखाली गळलेल्या पानांचा पाच-सात सेंटिमीटर थर राहू द्या. दयाळ त्यातच टुणटुण उड्या मारत किडे शोधतो. रोज झाडून चकाचक केलेल्या मातीत त्याला काहीच मिळत नाही.

तपासणी ७: आडोसा

कठड्याच्या कडेने सैनिकांसारख्या एकेक कुंड्या मांडलेल्या असतील तर लहान पक्ष्याला तिथे लपायला जागाच नाही. शिंपी आणि बुलबुल उघड्यावर उतरत नाहीत; ते झुडपातून झुडपात सरकतात. खर्च न करता होणारा बदल असा: आठ-दहा कुंड्या एका कोपऱ्यात चिकटून ठेवा, उंच मागे, बुटक्या पुढे, इतक्या दाट की पलीकडचं दिसू नये. एकाच कुंडीला फुलं असतील तर ती बाहेरच्या बाजूला.

जमिनीवर बाग असेल तर मेंदीचं किंवा कुंतीचं कुंपण दीड-दोन मीटर वाढू द्या. दर महिन्याला कातरून चौकोनी केलेलं कुंपण सुबक दिसतं, पण त्यात घरटं टिकत नाही. बोगनवेल खाणं देत नाही, आडोसा मात्र उत्तम देते. कबुतरजाळी लावलेल्या गॅलरीत आतल्या फुलांवर पक्षी अपेक्षित धरू नका, आणि जाळी ताणलेली ठेवा. सैल जाळीत पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात.

छाटणीचा हंगाम पाहा. पावसाळ्यापूर्वी म्हणून सोसायट्या एप्रिल-मेमध्ये फांद्या उतरवतात, नेमकी तेव्हा अनेक पक्ष्यांची पिल्लं घरट्यात असतात. धोक्याच्या फांद्या तोडाव्याच लागतात; बाकीची छाटणी हिवाळ्याच्या सुरुवातीला उरका.

आणि ते रंगीत लाकडी घरटं? ते फक्त भोकात घरटं करणाऱ्यांच्या कामाचं आहे. चिमणीसाठी भोक बत्तीस मिलिमीटरचं, पश्चिमेचं ऊन न लागणाऱ्या भिंतीवर. दयाळही पोकळीत घरटं करतो, पण त्याला भोक मोठं लागतं. शिंजीर, बुलबुल, शिंपी, चष्मेवाला, नाचण यांतलं कोणीही त्यात कधीच जाणार नाही, मग ते कितीही सुंदर रंगवलेलं असो.

तपासणी ८: झाडं बदलणं

आता खर्च. आधी आहेत ती फुलं तपासा. भरगच्च पाकळ्यांची संकरित जास्वंद हा नेहमीचा दोष: केसरांच्या जागी पाकळ्या झालेल्या असतात आणि चोच रसापर्यंत पोचत नाही. पाच पाकळ्यांची देशी लाल जास्वंद आणा. क्रोटन, ड्रॅसिना, अरेका पाम, मनीप्लांट पक्ष्याच्या दृष्टीने शोभेचं फर्निचर आहे.

कुंडीत जमणारी, शिंजिराला हमखास आवडणारी: हॅमेलिया (सोळा-अठरा इंची कुंडी, सहा तास ऊन, वर्षातला बराच काळ नारिंगी नळीदार फुलं), रसेलिया (टांगत्या कुंडीत), कर्दळ, एक्झोरा. एकेक रोप चार जागी लावण्यापेक्षा एकाच जातीची तीन रोपं शेजारी लावा. लाल-नारिंगी ठिपका लांबून दिसतो आणि पक्ष्याला एका फेरीत पुरेसा रस मिळतो. ‘येतो आणि लगेच जातो’ या लक्षणाचं उत्तर बहुतेकदा एवढंच.

फळांसाठी तुती (वीस इंची ड्रममध्येही धरते) आणि कढीपत्ता. कढीपत्त्याला फुलोरा आला की लोक खुडून टाकतात. तो राहू द्या, काळी फळं बुलबुल वेचून नेतात. जमिनीत जागा असेल तर शेवगा, आणि सिंगापूर चेरी. ती झपाट्याने वाढते आणि फुलटोच्या, बुलबुल, तांबट तिच्यावर दिवसभर असतात. डोंगरउताराच्या, खडकाळ जमिनीत धायटी लावा. थंडी सरताना तिची लाल फुलं उघडली की शिंजीर हटत नाहीत. आवारात मोठी जागा असेल तर पांगारा. उंबराचं रोप भिंतीत उगवलं तर उपटा, पण आवाराच्या टोकाला वाढू दिलं तर त्याच्याइतकं पाहुण्यांचं झाड दुसरं नाही. घाणेरीवर बुलबुल येतात म्हणून ती लावू नका. तिच्या बिया तेच पक्षी टेकडीवर नेऊन पेरतात, आणि पुढचं रान घाणेरीचं होतं.

झाडं लावल्यावर निदान एक बहर जाऊ द्या. मार्चमध्ये लावून एप्रिलमध्ये निकाल लागत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

गच्चीवर मोठे वाफे: दोन फूट लांब, रुंद, खोल असा एकच वाफा ओल्या मातीसकट साडेतीनशे किलोंच्या वर जातो. असे चार मांडायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला स्लॅब दाखवा. पक्ष्यांसाठी गळकी गच्ची परवडत नाही.

मोठ्या झाडाची तोड किंवा जड छाटणी: शहरात १९७५ च्या वृक्ष अधिनियमाखाली परवानगी लागते. महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करा. शिडी लावून स्वतः चढू नका.

साप दिसला तर सर्पमित्र. आग्या मोहोळ लागलं तर धूर करत बसू नका, प्रशिक्षित माणूस बोलवा.

पक्ष्यांच्या डोळ्यांभोवती किंवा पायांवर गाठी-चामखिळी दिसल्या तर पाणी-खाणं सगळं पंधरा दिवस बंद करा आणि भांडी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवून, खळखळून धुऊन उन्हात वाळवा. थोड्या दिवसांत अनेक पक्षी मेलेले आढळले तर हात लावू नका. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला होता तो कोंबड्यांत, पण तपासणी कोणाची करायची ते त्यांनाच ठरवू द्या.

जखमी पक्षी, विशेषतः संक्रांतीच्या दिवसांत मांजाने पंख कापलेला: भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर ठेवा, अंधार आणि शांतता द्या. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा किंवा जवळच्या बचाव केंद्रात न्या. घरी बरा करून पाळणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. अंड्या-पिल्लांसकट घरटं हलवणंही त्यातच येतं.

जमिनीवर पिसं फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू उड्या मारत असेल तर तो अपघात नाही. घरट्यातून नुकतं बाहेर पडलंय आणि आई-बाप जवळच आहेत. मांजर असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा आणि निघून जा. माणसाचा हात लागला म्हणून ते त्याला टाकत नाहीत.

आणि शिंजिराने कपडे वाळत घालायच्या दोरीलाच घरटं लटकवलं, तर पहिल्या अंड्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना जातो. तोवर दुसरी दोरी बांधा.